फियाट ११०० डी, १९६६ : ही नेमकी कोणती गाडी, आणि हिचा हँडल-गिअर बदलावा का?

गिरगावकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

आजोबांच्या नावावर असलेली एक फियाट वारसाहक्काने माझ्याकडे आली आहे. आरसी बुकात ‘फियाट ११०० डी’ अशी नोंद असून उत्पादनाचे वर्ष १९६६ दिले आहे. इंजिन हाताने फिरते, म्हणजे ते जाम झालेले नाही. पण गाडी बरीच वर्षे ताडपत्रीखाली उभी असल्यामुळे ब्रेक, रबरी नळ्या, वायरिंग आणि पत्रा अशी सगळीच कामे काढावी लागणार आहेत. खर्चात पडण्यापूर्वी काही गोष्टींचा उलगडा व्हावा, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिली शंका गाडीच्या ओळखीबद्दल आहे. आमच्या चाळीत जो तो तिला पद्मिनी म्हणतो. शेजारचे एक आजोबा मात्र ठामपणे सांगतात, की पद्मिनी हे नाव तेव्हा जन्मालाही आले नव्हते, ही ‘डिलाइट’ आहे आणि डुक्कर फियाट म्हणत ती हिच्याही आधीची. दुसरीकडे, इटलीतल्या हौशी लोकांनी टाकलेली १९६६ सालच्या ११००ची छायाचित्रे पाहिली, तर त्या गाडीचा गिअर खाली जमिनीवर दिसतो आणि तिचा मागचा भाग बराच सरळ, चौकोनी वाटतो. माझ्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे आणि मागे दोन्ही बाजूंना पत्र्याचे पंख आहेत. नाव एक, कंपनी एक, वर्षही एक, मग गाड्या इतक्या वेगळ्या कशा?

दुसरी शंका व्यावहारिक आहे. ज्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तिथल्या मिस्त्रींचा सल्ला असा, की हँडल-गिअर काढून शेवटच्या काळातल्या पद्मिनीचा जमिनीवरचा गिअर बसवावा आणि जमल्यास डिझेल इंजिनही टाकावे, म्हणजे गाडी ‘रोज वापरता येईल’. मला गाडी रोज वापरायची नाही, पण रविवारी सकाळी गिरगावातून वरळीपर्यंत न्यावी आणि बंद न पडता परत आणावी एवढी अपेक्षा जरूर आहे.

शेवटचे म्हणजे, इटलीहून ११०० डीचे सुटे भाग मागवता येतात असे दिसते. ते आपल्याकडच्या गाडीला बसतील का?


मिलेचेंतो यांचे उत्तर

गिरगावकर, शेजारच्या आजोबांवर विश्वास ठेवा. तुमची गाडी पद्मिनी नाही. पुढे ज्या साच्यांतून पद्मिनी निघाली, त्याच साच्यांतून ती त्या नावाच्या आठ वर्षे आधी बाहेर पडलेली आहे. गोंधळ होतो तो ‘११००’ हे एकाच गाडीचे नाव आहे असे समजल्यामुळे. प्रत्यक्षात ते १९३७ ते १९६९ अशा बत्तीस वर्षांच्या मालिकेचे नाव आहे, आणि तिच्यात निदान दोन पूर्णपणे वेगळ्या गाड्या येतात.

फियाटची ‘५०८ बालिल्ला’ ही मध्यमवर्गासाठीची छोटी गाडी १९३२ साली आली. १९३७ साली तिच्या जागी ‘५०८ सी बालिल्ला ११००’ आली आणि तिच्यामागचा मुख्य अभियंता होता दान्ते जाकोझा. जेमतेम वर्षभर आधी त्यानेच ५६९ सीसीची चिमुकली ‘तोपोलिनो’ घडवली होती, आणि पुढे फियाटची ६०० व नवी ५०० या गाड्याही त्याच्याच हातून घडल्या. ५०८ सीच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५ मिलिमीटर, म्हणजे चार सिलिंडर मिळून क्षमता १०८९ सीसी. झडपा माथ्यावर, ताकद ३२ अश्वशक्ती, आणि पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. त्या किमतीच्या गाडीत त्या काळी हे सगळे एकत्र मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. ६८ आणि ७५ हे दोन आकडे ध्यानात ठेवा, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांतच दडले आहे.

१९३९ पासून गाडीला नुसते ‘११००’ म्हणू लागले. युद्धानंतर १९४८ साली ‘११०० बी’ आणि १९४९ साली ‘११०० ई’ अशा सुधारित आवृत्त्या आल्या, पण मूळ आखणी युद्धापूर्वीचीच होती. इथे थोडे विषयांतर करतो. एन्झो फेरारीने अल्फा रोमिओ सोडल्यावर १९४० सालच्या मिल्ले मिलिया शर्यतीसाठी ‘८१५’ नावाची जी पहिली स्वतंत्र गाडी बांधली, तिचे आठ सिलिंडरांचे दीड लिटरचे इंजिन याच फियाट ११००चे भाग वापरून जुळवलेले होते. युद्धानंतर चिझितालिया या इटालियन कंपनीच्या छोट्या रेसिंग गाड्यांतही हेच इंजिन दिसते. म्हणजे काळबादेवीत पाच सवाऱ्या आणि टपावर बिस्तरा घेऊन धापा टाकणाऱ्या त्या इंजिनाचे पूर्वज भलत्याच थोर संगतीत वावरले होते!

मालिकेतली दुसरी, म्हणजे खरोखर नवी गाडी १९५३ च्या मार्च महिन्यात जिनिव्हाच्या प्रदर्शनात दिसली. तिचे कारखान्यातले नाव ‘११००/१०३’. इंजिन तेच १०८९ सीसी, आता ३६ अश्वशक्तीचे; पण वेगळ्या चौकटीवर बॉडी ठेवण्याची जुनी पद्धत जाऊन पत्र्याची बॉडी हीच गाडीचा सांगाडा झाली. फियाटने हा प्रयोग १९५० साली मोठ्या ‘१४००’ वर केला होता आणि तो आता छोट्या कुटुंबाच्या गाडीत आला. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली गेल्यामुळे पुढच्या सलग बाकावर तिघांना बसता येऊ लागले. सगळीकडून गोलाई, फुगीर बॉनेट, आणि पुढची दारे मागच्या बाजूला बिजागरी असलेली, म्हणजे उलटी उघडणारी. आपल्याकडे हिलाच डुक्कर फियाट म्हणत, आणि त्यात हेटाळणीपेक्षा लाडच अधिक होता असे मला वाटते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून ११०० तयार होऊ लागली. त्याआधी तिथे अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जुळणी होत असे.

आता तुमच्या गाडीच्या पंखांकडे येऊ. १९५७ साली फियाटने ‘१२०० ग्रानलुचे’ नावाची थोडी वरच्या दर्जाची बहीण काढली. तिचा बोअर ७२ मिलिमीटरपर्यंत वाढवून इंजिन १२२१ सीसीचे केले होते, आणि तेव्हाच्या अमेरिकी हौसेला साजेसे छोटे पंख मागच्या बाजूला आले होते. १९६० च्या ११०० ‘स्पेशल’ मध्ये तीच बॉडी वापरली गेली आणि पुढची दारे इतरांसारखी सरळ उघडू लागली. १९६२ साली या दोन्ही गाड्यांच्या जागी इटलीत ‘११०० डी’ आली. तिचे नाव ११००, पण इटालियन गाडीच्या पोटात इंजिन मात्र १२२१ सीसीचे. आपल्याकडे १९६४ पासून हीच बॉडी ‘डिलाइट’ म्हणून कुर्ल्याहून निघू लागली. इंजिन मात्र जुन्याच मापाचे, १०८९ सीसीचे राहिले.

इटलीत ‘डी’ चार वर्षेच टिकली. १९६६ च्या सुरुवातीला ‘११०० आर’ आली आणि तुम्ही पाहिलेली छायाचित्रे तिचीच असणार. तिचा मागचा भाग सरळ केलेला आहे, तोंडवळा त्याच वर्षी आलेल्या फियाट १२४ च्या जवळ जाणारा आहे, गिअर जमिनीवर आहे, पुढे डिस्क ब्रेक आहेत आणि इंजिन पुन्हा १०८९ सीसीचे आहे. १९६९ साली पुढच्या चाकांवर चालणारी १२८ आली आणि इटलीत ११०० हे नाव संपले. आपल्याकडे ‘आर’ आलीच नाही. म्हणून १९६६ साली फियाटच्या गावी, तुरीनमध्ये ‘आर’ विकली जात होती आणि कुर्ल्यात ‘डी’. प्रीमियरचा फियाटशी असलेला करार संपल्यावर १९७२ पासून तीच गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली, आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. तुमच्या चाळीतल्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. नाकावरची पट्टी झाकली, तर दहा फुटांवरून दोघींत फरक सांगणे सोपे नाही.

गिअरबद्दल मी जास्त बोलत नाही, ते इथल्या जाणकार मिस्त्रींनी सांगावे. माझे मत एवढेच, की हँडल-गिअर आणि सलग बाक हीच या मॉडेलची रचना आहे. ती काढून टाकली, तर जे उरेल ते धड ‘डी’ ही नाही आणि धड ‘आर’ ही नाही.


परळचे गॅरेज यांचे उत्तर

गिरगावकर साहेब, इतिहास वर आलाच आहे. मी कामाचे सांगतो.

हँडल-गिअर अडकतो ही तक्रार खरी आहे, पण त्यात गिअरबॉक्सचा दोष फार क्वचित असतो. स्टिअरिंगच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जे रॉड जातात, त्यांच्या सांध्यांवरचे बुश झिजले की दांडा ढिला पडतो आणि दोन गिअरांच्या मध्येच अडकतो. मग चालक भर सिग्नलला बॉनेट उघडून रॉड हाताने ढकलतो आणि मागचे लोक हॉर्न वाजवत बसतात. जुन्या टॅक्सीवाल्यांना हे इतके अंगवळणी पडलेले असे, की दुरुस्ती करण्याऐवजी ते हातानेच भागवत. नवे बुश घातले, रॉडची लांबी बरोबर जुळवली आणि सांध्यांना वेळच्या वेळी ग्रीस दिले, तर हा गिअर लोण्यासारखा पडतो. त्याउलट जमिनीवरचा गिअर बसवायचा, तर तळाचा पत्रा कापावा लागेल, गिअरबॉक्स दुसरा शोधावा लागेल, प्रोपेलर शाफ्टचे माप जुळवावे लागेल आणि पुढचा बाक काढून दोन सुट्या सीट टाकाव्या लागतील. एवढे करून रविवारच्या फेरीत काय मिळवले, ते मला कळत नाही.

डिझेल इंजिनाचा विचार तर सोडूनच द्या. पद्मिनीला नव्वदच्या दशकात कंपनीनेच डिझेल इंजिन दिले होते हे खरे, पण ते त्या गाडीसाठी. तुमच्या १९६६ च्या बॉडीवर अधिक वजन आणि अधिक थरथर चढवून तिचे आयुष्य वाढणार नाही. शिवाय इंजिनाचा प्रकार बदलला, तर आरटीओची परवानगी काढून आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते; ती केली नाही तर विमा कंपनीला हात वर करायला आयते कारण मिळते.

आता पत्र्याबद्दल, कारण पैसे तिथेच जाणार आहेत. या गाडीला वेगळी चॅसिस नाही हे मिलेचेंतो यांनी लिहिले आहे, आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत त्याचा अर्थ असा होतो, की गंज म्हणजे थेट हाडाचा रोग. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीचा खालचा पत्रा पापडासारखा झालेला मी पाहिला आहे. रंगवाल्याकडे जाण्याआधी सगळ्या रबरी मॅट उचला. पुढच्या काचेचे रबर कडक होऊन चिरले की पावसाचे पाणी डॅशबोर्डच्या आतून ओघळते आणि पायाखालच्या कोपऱ्यात, मॅटच्या खाली साचून राहते. वरून काही दिसत नाही. त्या कोपऱ्यात जाड पेचकसाच्या टोकाने जोर देऊन टोचा. टणक आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. टोक आत गेले आणि तपकिरी भुगा निघाला, तर तेवढा भाग कापून नवा वेल्ड करावाच लागेल. दाराखालच्या पट्ट्या, जॅक लावण्याच्या जागा आणि मागचे पाटे जिथे बॉडीला जोडले जातात तो भाग याच पद्धतीने तपासा. कोणी तिथे लांबी (पुट्टी) भरून रंग मारून देतो म्हणाला, तर गाडी तशीच उचलून घरी आणा.

चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि सगळे एकाच मास्टर सिलिंडरवर चालतात. तेव्हा एका चाकाचा सिलिंडर गळला की पेडल थेट तळाला जाते. उभ्या राहिलेल्या गाडीत सगळे सिलिंडर उघडून नव्या किट घाला, आणि लोखंडी पाइपही बदला. पेट्रोलच्या नळ्या व पंपाचा पडदा हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला चालेल असाच घ्या, नाहीतर जुने रबर फुगून त्याचा चुरा कार्बोरेटरमध्ये जाईल. पुढचे किंगपिन, म्हणजे ज्यांवर पुढची चाके वळतात ते खिळे, आणि त्यांचे बुश पाहा. स्टिअरिंगला खेळ असेल तर बहुधा तिथेच सापडेल.

सुट्या भागांसाठी इटलीला जाण्याची घाई करू नका. दारे, काचा, डिकीचे झाकण, सस्पेन्शन यांतले बरेचसे पद्मिनीचे चालते, आणि पद्मिनी टॅक्स्या मुंबईत २०२३ पर्यंत धावत होत्या. ऑपेरा हाउसच्या बाजूची स्पेअर पार्टची दुकाने आणि कुर्ल्याचा भंगार बाजार आधी पालथा घाला. जुना भाग हातात नेऊन, त्याच्याशी मापे ताडून मगच घ्या. मात्र पिस्टन आणि रिंगा परदेशातून मागवल्याच, तर ‘११०० डी’ असे लिहून मागवू नका. तिथल्या ‘डी’चा पिस्टन ७२ मिलिमीटरचा, तुमचा ६८ चा. बोअर मोजून, १०८९ सीसीच्या इंजिनासाठी म्हणून मागवा.


वाशीकर यांचा प्रतिसाद

सगळे वाचून माहितीत भर पडली, पण एक गोष्ट खटकली. इटलीत जी बॉडी चार वर्षांत कालबाह्य ठरवली गेली, ती आपल्याकडे १९६४ पासून एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत विकली गेली. ना डिस्क ब्रेक, ना पाचवा गिअर. ग्राहकाला दुसरा पर्यायच नव्हता म्हणून ही गाडी टिकली. त्याला गाडीचा मोठेपणा समजून गळे काढणे मला पटत नाही.


कुर्ला पश्चिम यांचे उत्तर

वाशीकर, पर्याय नव्हता हे तुमचे म्हणणे खरे आहे, पण पर्याय का नव्हता हेही पाहायला हवे. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर सरकारने प्रवासी मोटारी बनवण्याची मुभा मोजक्याच कारखान्यांना ठेवली. आपल्याकडे कुर्ल्याला प्रीमियर, बंगालमध्ये उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्स आणि मद्रासला स्टँडर्ड. अट अशी होती, की परदेशी भागांची नुसती जुळणी न करता एकेक भाग देशातच बनवत जायचे. परकीय चलन तुटपुंजे. त्यामुळे मॉडेल बदलायचे म्हणजे पत्रा दाबण्याचे नवे साचे आणि नवी यंत्रे परदेशातून आणायची, त्यासाठी पुन्हा परवाना आणि पुन्हा चलन. त्यात गाड्यांच्या वाटपावर आणि पुढे किमतींवरही सरकारी नियंत्रण होते. गाडी नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत असत. जो माल तयार होण्यापूर्वीच विकला गेलेला आहे, तो बदलण्याची निकड कोणत्या कारखानदाराला वाटेल? ‘आर’ आपल्याकडे का आली नाही, याचे उत्तर तुरीनमध्ये शोधण्यापेक्षा या व्यवस्थेत शोधावे.

तरीही कंपनीला सगळे माफ करता येत नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तेव्हा पुढच्या चाकांवर चालणारी, हलकी, ७९६ सीसीची गाडी सर्वसामान्य खरेदीदाराने डोळ्यांनी पाहिली, आणि त्यानंतर पद्मिनीचे जुनेपण झाकून राहण्यासारखे नव्हते. प्रीमियरने काढलेली ‘११८ एनई’ म्हणजे १९६६ च्या फियाट १२४ ची बॉडी आणि तिच्यात निस्सानचे ११७१ सीसीचे इंजिन. जुन्याच्या बदल्यात थोडे कमी जुने, एवढाच तो बदल होता. शेवटच्या काळात पद्मिनीला जमिनीवरचा गिअर दिला गेला, तोवर गिऱ्हाईक कधीच दुसऱ्या दुकानात गेले होते.

पण ‘केवळ नाइलाज म्हणून टिकली’ हे मुंबईपुरते मला मान्य नाही, कारण इथे पर्याय होता. अ‍ॅम्बॅसेडर होतीच की! कलकत्त्याने टॅक्सीसाठी ती घेतली, मुंबईने फियाट घेतली. कारखाना हाकेच्या अंतरावर, भाग गल्लोगल्ली मिळणारे, मिस्त्री घरचे, हे एक कारण झाले. दुसरे कारण म्हणजे गाडीचे माप. शहर भागात, म्हणजे माहीम-सायनच्या दक्षिणेला, रिक्षाला परवानगी नाही; त्यामुळे भुलेश्वरपासून लालबागपर्यंतच्या अरुंद गल्ल्यांत दारापर्यंत येणारे वाहन म्हणजे टॅक्सीच. तिथे अ‍ॅम्बॅसेडर वळवताना जी कसरत करावी लागते, ती फियाटला करावी लागत नसे. तरीही पुढे चालकाशेजारी एक आणि मागे तिघे, डिकीत ट्रंका आणि टपावरच्या कॅरिअरवर उरलेला संसार घेऊन ती बोरीबंदरला वेळेवर पोहोचवत असे. टॅक्सीचा धंदा करणारा माणूस गाडीच्या प्रेमात पडून धंदा करत नाही. दिवसाकाठी हातात काय उरते आणि दुरुस्तीसाठी गाडी किती दिवस उभी राहते, हे तो पाहतो, आणि या हिशोबात पद्मिनी पुढे कितीतरी वर्षे बसत राहिली. नंतर तिला सीएनजीची टाकी लागली, डिकीतली निम्मी जागा गेली, तरी हिशोब फार बिघडला नाही.

पद्मिनीचे उत्पादन संपल्यावरही, २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली. टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षांची असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरचा तिचा परवाना संपला. ती वयोमर्यादा नसती, तर काही गाड्या आजही चालताना दिसल्या असत्या. चांगल्या अवस्थेत दिसल्या असत्या असे मात्र मी म्हणणार नाही. शेवटच्या काळातल्या बऱ्याच टॅक्स्यांची दारे आतून दोरीने बांधलेली असत, आणि प्रवासी म्हणून तो अनुभव मला तरी मुळीच रम्य वाटला नाही.


गिरगावकर यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. मॅट उचलून पाहिल्या. चालकाच्या बाजूचा कोपरा टणक आहे, डावीकडे पेचकस आरपार गेला. म्हणजे तेवढ्या भागाचे वेल्डिंग ठरलेलेच आहे. गिअर आणि इंजिन आहे तसेच ठेवायचे नक्की केले असून गॅरेजही बदलत आहे.

आता एक शेवटची विचारणा. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी असल्यामुळे तिची नोंदणी ‘व्हिंटेज’ म्हणून करून घ्यावी, असे एका स्नेह्यांनी सुचवले. त्यात फायदा आहे का, आणि तशी नोंद केल्यावर जुना नंबर जातो का? आजोबांच्या वेळचा नंबर बदलायला घरातले कोणीही तयार नाही.


मिलेचेंतो यांचे उत्तर

नंबर जात नाही. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या खासगी दुचाकी व चारचाकी गाड्यांची व्हिंटेज म्हणून नोंद करता येते. ज्या गाड्यांची आधी कुठेच नोंदणी नाही, त्यांना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला नवा नंबर मिळतो. तुमच्यासारख्या आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते, आणि त्यानंतरच्या पुनर्नोंदणीला ५,००० रुपये लागतात.

फायदा आहे की नाही, हे तुम्ही गाडी कशी वापरणार त्यावर अवलंबून आहे. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रॅली, प्रदर्शन, त्यांसाठीची ये-जा, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी नाही. तुमची दर रविवारची वरळीची फेरी यात कशी बसवणार, हा प्रश्नच आहे. मोकळेपणी फिरवायची असेल, तर सामान्य खासगी गाडी म्हणून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरणे हा मार्ग मला अधिक सोयीचा वाटतो. व्हिंटेज नोंद पुढे केव्हाही करता येईल.

त्यासाठी एक पथ्य मात्र आतापासूनच पाळा. चॅसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत फेरफार करून मोठे बदल केलेली गाडी या नियमात बसत नाही. डिझेल इंजिनाचा बेत तुम्ही रद्द केलात ते यासाठीही चांगले झाले. गंजलेला भाग त्याच आकाराचा नवा पत्रा लावून दुरुस्त करणे वेगळे आणि तळ कापून त्याची रचना बदलणे वेगळे. तेव्हा वेल्डिंगच्या आधीची आणि नंतरची छायाचित्रे तारखेसह जपून ठेवा. आणि गाडी रंगाला देण्यापूर्वी चॅसिस क्रमांकावर व इंजिन क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या, तो आरसी बुकातल्या क्रमांकांशी ताडून पाहा. रंगवाले खरवडताना आणि वर जाड थर मारताना नेमका तोच क्रमांक बुजवतात, आणि मग आरटीओत गाडी तपासायला नेल्यावर तिथले निरीक्षक तो वाचता येईपर्यंत पुढचे काही करत नाहीत.